घरचं गाणं, घरच्या रेडिओवर

लॅपटॉपच्या डी-ड्राइव्हमध्ये धूळ खात पडलेली हजारो गाणी आणि स्वयंपाकघरातला एक छोटासा रेडिओ. या दोघांची गाठ घालून द्यायला फार अक्कल लागत नाही. लागतो तो एक मोकळा रविवार!

एक काम करा. तुमच्या जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क उघडा. 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २', 'साँग्ज फायनल', 'साँग्ज फायनल फायनल' असे फोल्डर सापडतीलच. कॉलेजात असताना मित्राच्या पेनड्राइव्हवरून घेतलेलं, दादाच्या सीडीवरून उतरवलेलं, ताईच्या लग्नाच्या व्हिडिओसाठी जमवलेलं असं बरंच काही त्यात असतं. आता खरं सांगा, यातलं शेवटचं गाणं कधी ऐकलंत? नाही ना आठवत? साहजिक आहे. गाणं ऐकायचं तर हात आपोआप मोबाइलकडे जातो, आणि मोबाइलवर अॅप असतंच. महिन्याच्या महिन्याला पैसे कापले जातात, इअरफोन कानात जातात आणि घरातल्या चार माणसांची चार वेगवेगळी गाणी सुरू होतात.

यात वाईट काहीच नाही. पण दोन प्रश्न आहेतच. पहिला, तुमच्या कॉम्प्युटरवरची गाणी घरातल्या बाकीच्यांनी ऐकायची कशी? आणि दुसरा, अॅपवरची 'तुमची' गाणी नेमकी कुणाची?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एका डब्यात आहे. त्याचं नाव इंटरनेट रेडिओ.

हा रेडिओ आहे तरी काय?

दिसायला अगदी आजोबांच्या रेडिओसारखा. पुढे स्पीकर, एक-दोन गोल बटणं, छोटासा डिस्प्ले. फरक इतकाच की हा हवेतल्या लहरींऐवजी तुमच्या घरचं वाय-फाय पकडतो आणि इंटरनेटवरून जगभरातली स्टेशनं लावतो. लंडनच्या आत्याच्या घरी ओट्यावर असा रेडिओ तुम्ही पाहिलाही असेल. आपल्याकडे तो तितकासा रुळला नाही. आला तो बहुतेक परदेशातून परतणाऱ्यांच्या बॅगेतून किंवा ऑनलाइन मागवून.

पण या डब्याची एक गंमत बऱ्याच जणांना ठाऊकच नसते. मेन्यूमध्ये 'इंटरनेट रेडिओ'च्या खाली 'म्युझिक प्लेअर' किंवा 'शेअर्ड मीडिया' अशी एक ओळ असते. तिथे गेलात की हा रेडिओ इंटरनेट सोडतो आणि तुमच्या घरातल्या कॉम्प्युटरकडे वळतो. फोल्डर दाखवतो, गायकांची यादी दाखवतो, बटण फिरवून गाणं निवडलं की वाजवतो. ना ब्लूटूथची जोडाजोडी, ना वायर, ना मोबाइल. कॉम्प्युटर बेडरूममध्ये, गाणं स्वयंपाकघरात. आईला अॅप उघडायला लागत नाही, पासवर्ड आठवायला लागत नाही. बटण फिरवायचं, बस्स!

फंडा क्लिअर करून घेऊ

हे चालतं कसं, ते दोन मिनिटांत समजून घ्या. म्हणजे पुढे कुठे अडलं तर टेन्शन नाही.

या खेळात तिघं असतात. पहिला सर्व्हर, म्हणजे ज्याच्याकडे गाणी आहेत तो. आपल्या बाबतीत कॉम्प्युटर. दुसरा वाजवणारा, म्हणजे रेडिओ. तिसरा हुकूम सोडणारा, म्हणजे कोणतं गाणं लावायचं ते ठरवणारा. बहुतेक वेळा हे तिसरं कामही रेडिओच करतो, पण हवं तर मोबाइलवरच्या अॅपमधूनही करता येतं.

रेडिओ चालू झाला की तो घरच्या नेटवर्कवर हाक मारतो, "कुणाकडे गाणी आहेत का?" ज्या कॉम्प्युटरवर सर्व्हर चालू आहे तो "माझ्याकडे आहेत" म्हणून उत्तर देतो. रेडिओ यादी मागवतो, तुम्ही गाणं निवडता, आणि वेबपेज जसं थोडं थोडं उतरतं तशी फाइल रेडिओकडे येत राहते. ही हाक मारण्याची भाषा म्हणजे यूपीएनपी. पुढे सोनी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट अशा बड्या कंपन्यांनी २००३ मध्ये एकत्र येऊन या भाषेचे नियम पक्के करायला घेतले. त्यातून आलं डीएलएनए. टीव्ही, होम थिएटर, गेम कन्सोल अशा कितीतरी वस्तूंच्या खोक्यावर हे नाव दिसायचं. ती संस्था २०१७ मध्ये गुंडाळली गेली, पण भाषा जिवंत आहे. विंडोजला ती येते, कित्येक राऊटरना येते आणि इंटरनेट रेडिओला तर येतेच.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. या सगळ्या प्रकारात गाणं घराबाहेर जातच नाही. कॉम्प्युटरकडून राऊटरकडे, राऊटरकडून रेडिओकडे. पावसाळ्यात कुठेतरी केबल तुटली, नेट दिवसभर गेलं, तरी राऊटरला वीज आहे तोवर गाणं सुरू राहील. स्पीडची चिंताही नको. सगळ्यात चांगल्या प्रतीची एमपी-थ्री फाइल सेकंदाला जेमतेम ३२० किलोबिट मागते. घरच्या वाय-फायला हे म्हणजे हत्तीच्या पाठीवर मुंगी.

पण एवढा उपद्व्याप कशाला?

रास्त प्रश्न. दहा कोटी गाणी अॅपवर असताना डी-ड्राइव्ह कशाला उकरायचा?

तर ऐका. मार्च २०२३ मध्ये करार जुळला नाही म्हणून झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून भारतात एका झटक्यात गायब झाली. लोकांनी मेहनतीने बनवलेल्या प्लेलिस्ट रातोरात अर्ध्या झाल्या. जानेवारी २०२४ मध्ये रेसो अॅपने भारतातून गाशा गुंडाळला. त्याच वर्षी एअरटेलने विंक म्युझिक बंद केलं. प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याच्या हातात काय राहिलं? काहीच नाही. कारण त्याने गाणी विकत घेतलीच नव्हती, भाड्याने घेतली होती. घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितली की भाडेकरू काय करणार?

इंटरनेट रेडिओसुद्धा या रोगातून सुटलेला नाही बरं का. त्याच्या जन्मापासूनच ही कटकट आहे. २००० मध्ये कर्बँगो नावाच्या इंटरनेट रेडिओचा मोठा गाजावाजा झाला, थ्रीकॉम या कंपनीने तो धंदा विकत घेतला आणि २००१ मध्ये बंदही करून टाकला. पुढे कित्येक ब्रँडच्या रेडिओंसाठी स्टेशनांची यादी रेसिवा नावाची कंपनी पुरवायची. एप्रिल २०२१ च्या अखेरीस तो सर्व्हर बंद झाला. झालं! जगभरातले धडधाकट रेडिओ स्टेशन शोधता शोधता मुके झाले. हार्डवेअर ठणठणीत, पण त्याला पत्ता सांगणारा माणूसच निघून गेलेला.

मात्र अशा रेडिओच्या ज्या मॉडेल्समध्ये घरच्या कॉम्प्युटरवरची गाणी वाजवायची सोय होती, ती सोय त्या सर्व्हरवर अवलंबून नव्हती. कारण त्या गप्पा घरातल्या घरात होत्या. तुमचा कॉम्प्युटर आणि तुमचा रेडिओ, मध्ये तिसरा कुणी नाही. म्हणूनच हा उपद्व्याप. जे गाणं तुमच्या घरात आहे आणि घरच्याच नेटवर्कवरून वाजतं, ते कुणी बंद करू शकत नाही.

आणि काही आवाज असे असतात, जे कुठल्याच अॅपवर नसतात. टेपरेकॉर्डरवर घरच्यांनी भरून ठेवलेल्या आजीच्या ओव्या. बाबांनी गणपतीत गायलेलं पद. गावच्या देवळातलं कीर्तन. काकांनी रेडिओला टेप लावून उतरवलेली मैफल. ही गाणी शोधून सापडत नाहीत. ती एक तर तुमच्याकडे असतात, नाही तर कुठेच नसतात.

चला, जोडणी करू

विंडोज कॉम्प्युटर असेल तर वेगळं काही विकत घ्यायला नको. कंट्रोल पॅनेलमध्ये 'मीडिया स्ट्रीमिंग ऑप्शन्स' शोधा आणि स्ट्रीमिंग चालू करा. कॉम्प्युटरला ओळखता येईल असं नाव द्या. खालच्या यादीत रेडिओचं नाव दिसलं की त्याला 'अलाउड' करा. तुमची गाणी 'म्युझिक' लायब्ररीत आहेत ना, एवढं बघा. डी-ड्राइव्हवरचा फोल्डर असेल तर तो लायब्ररीत जोडून टाका.

मॅक किंवा लिनक्स वापरत असाल, किंवा विंडोजची सोय आवडली नाही, तर 'युनिव्हर्सल मीडिया सर्व्हर' हे फुकट सॉफ्टवेअर तिन्हीकडे चालतं. लिनक्सवाल्यांसाठी 'मिनीडीएलएनए' हा अगदी हलकाफुलका पर्याय आहे.

आता रेडिओकडे जा. म्युझिक प्लेअर, शेअर्ड मीडिया, मग तुमच्या कॉम्प्युटरचं नाव, मग 'म्युझिक', मग गायक, अल्बम किंवा फोल्डर. शब्द मॉडेलप्रमाणे थोडे इकडे तिकडे होतील, वाट हीच. पहिल्यांदा यादी यायला थोडा वेळ लागतो, कारण सर्व्हर सगळ्या गाण्यांची जंत्री तयार करत असतो. तोवर चहा टाका.

अडलं कुठे? इथे बघा!

रेडिओला कॉम्प्युटर दिसतच नाही, ही नंबर एकची तक्रार. दहापैकी नऊ वेळा कारण खालच्यापैकी एक असतं.

*दोन राऊटर:* फायबरवाल्याने लावलेला एक डबा आणि रेंज येत नाही म्हणून तुम्ही आणलेला दुसरा. कॉम्प्युटर एकावर, रेडिओ दुसऱ्यावर. बाहेरून घर एकच दिसतं, पण नेटवर्क दोन झालेली असतात, आणि एका नेटवर्कवरची हाक दुसऱ्यावर ऐकू जात नाही. दोघांना एकाच राऊटरवर आणा, किंवा दुसऱ्या राऊटरला 'अॅक्सेस पॉइंट' मोडवर टाका.

*गेस्ट वाय-फाय:* यावर जोडलेल्या वस्तूंना एकमेकींशी बोलायला बहुधा बंदी असते. रेडिओ पाहुणा नाही, त्याला घरच्या वाय-फायवर घ्या. पीजी किंवा हॉस्टेलच्या वाय-फायवरही बऱ्याचदा हीच बंदी असते, तिथे तुमचा स्वतःचा छोटा राऊटर बरा.

*पब्लिक की प्रायव्हेट:* विंडोज नव्या नेटवर्कला 'पब्लिक' समजलं की तोंड बंद करून बसतं. नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन घरचं वाय-फाय 'प्रायव्हेट' करा.

*ऑफिसचा लॅपटॉप:* कंपनीच्या फायरवॉलने शेअरिंग बंद केलेलं असतं. आयटीवाल्यांशी हुज्जत घालू नका. घरचा जुना पीसी काढा.

*झोपाळू कॉम्प्युटर:* दोन गाणी वाजून तिसऱ्याला रेडिओ गप्प? कॉम्प्युटर झोपला. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप बंद करा. स्क्रीन झोपली तरी चालेल.

*जुना रेडिओ, नवा राऊटर:* बरेच जुने रेडिओ फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय पकडतात आणि नव्या डब्ल्यूपीए-३ सुरक्षेला ओळखतच नाहीत. राऊटरवर २.४ चालू ठेवा आणि सुरक्षा डब्ल्यूपीए-२ वर ठेवा. कॉम्प्युटर ५ गिगाहर्ट्झवर असला तरी हरकत नाही, राऊटर एक असला म्हणजे झालं.

आणखी एक. काही जुन्या रेडिओंमध्ये 'विंडोज शेअर्स' असाही पर्याय असतो. तो ज्या जुन्या पद्धतीवर चालतो ती सुरक्षेच्या दृष्टीने पार गळकी आहे, म्हणून विंडोज टेनच्या २०१७ च्या शेवटच्या मोठ्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने ती मुळातच बसवणं थांबवलं. इंटरनेटवर कुणी ती परत चालू करायचा सल्ला देईल, त्या वाटेला जाऊ नका. मीडिया सर्व्हरचा रस्ता असताना भिंत कशाला फोडायची?

फाइल चालत का नाही?

एमपी-थ्री कुठल्याही रेडिओवर वाजते. एएसी आणि डब्ल्यूएमए बहुतेकांवर. फ्लॅक, म्हणजे सीडीचा दर्जा जसाच्या तसा राखणारा फॉरमॅट, नव्या मॉडेल्सवर सहसा चालतो. घेण्याआधी मॅन्युअलमध्ये बघा.

अॅपमधून 'डाउनलोड' केलेली गाणी मात्र इथे वाजणार नाहीत. त्यांना कुलूप असतं आणि किल्ली अॅपकडे. अॅपलच्या आयट्यून्स स्टोअरमधून २००९ पूर्वी घेतलेल्या बऱ्याच गाण्यांनाही असं कुलूप होतं. तुम्ही स्वतः सीडीवरून उतरवलेल्या फाइलला कुलूप नसतं. म्हणून माळ्यावरच्या सीडी टाकून देण्याआधी एकदा उतरवून घ्या. स्वतः विकत घेतलेलं स्वतःच्या घरात ऐका, ऑफिसच्या ग्रुपवर वाटत बसू नका.

दुसरी गोची नावांची. रेडिओ फाइलच्या आत लिहिलेली माहिती वाचतो, तिला टॅग म्हणतात. तिथे 'ट्रॅक झिरो वन, अननोन आर्टिस्ट' असेल तर आईला रेडिओवर तेच दिसणार आणि ती दुसऱ्या दिवशी तो रेडिओ बंद करून ठेवणार! 'एमपी-थ्री-टॅग' नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने शेकडो फाइलींची नावं एकदम सुधारता येतात. आपल्यासाठी खास टीप: अनेक रेडिओंचा डिस्प्ले देवनागरी दाखवत नाही, चौकोन दाखवतो. आधी एका फाइलवर करून बघा. चौकोन दिसले तर टॅग रोमन लिपीत लिहा. फोल्डरही मोजके ठेवा. 'सकाळ', 'नाट्यसंगीत', 'पार्टी', 'आजी'. बटण फिरवून पाचशे नावांतून जाणं कुणालाच जमत नाही.

कॅसेटचं काय?

इथे थोडी घाई करा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरते, आणि धड चालणारा टेपरेकॉर्डर मिळणंही दरवर्षी अवघड होत चाललंय.

लागणारं सामान मामुली आहे. चालू टेपरेकॉर्डर किंवा वॉकमन, एक केबल, आणि लाइन-इन असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड. कारण बऱ्याच लॅपटॉपना आता फक्त हेडफोन-माइकचं एकच भोक असतं आणि त्यातून स्टिरिओ आवाज आत जात नाही. केबल आणि कार्ड पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधा. सॉफ्टवेअर 'ऑडॅसिटी', तेही फुकट.

आधी टेपरेकॉर्डरचं हेड कापसाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसा. कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या. मग रेकॉर्डिंग लावा. इथे शॉर्टकट नाही राव! नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटंच लागतात, पंचेचाळीस एका बाजूला, पंचेचाळीस दुसऱ्या. आवाजाचा काटा लाल रेषेला भिडू देऊ नका. झालं की मूळ फाइल फ्लॅकमध्ये जपून ठेवा आणि रेडिओसाठी एमपी-थ्री वेगळी काढा. खरखर काढायच्या नादात जास्त सफाई करू नका. आजीच्या आवाजामागे कुकरची शिट्टी ऐकू येत असेल तर येऊ दे. तीही त्या घराचीच आहे.

कॉम्प्युटर कायम चालू ठेवायचा?

नको. एवढ्या मोठ्या पंख्याची घरघर आणि विजेचं बिल कोण सोसणार? दोन सोपे मार्ग आहेत.

एक, राऊटरच्या पाठीमागे यूएसबीचं भोक आहे का बघा. कित्येक राऊटरमध्ये मीडिया सर्व्हर आधीच बसवलेला असतो, फक्त सेटिंगमध्ये चालू करायचा. गाणी पेनड्राइव्हवर भरा, पेनड्राइव्ह राऊटरला लावा, काम फत्ते. हिशेब सांगतो: ३२० किलोबिटचं चार मिनिटांचं गाणं साधारण साडेनऊ एमबीचं होतं. म्हणजे १२८ जीबीच्या पेनड्राइव्हवर बारा हजारांहून जास्त गाणी.

दोन, थोडी खटपट आवडत असेल तर रास्पबेरी पाय. पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर, मोबाइलच्या चार्जरसारख्या चार्जरवर चालतो. त्यावर मिनीडीएलएनए टाका आणि विसरून जा.

कोणताही मार्ग धरा, एक नियम पाळा. गाण्यांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो वेगळ्या घरात ठेवा. पेनड्राइव्ह मरतात, आणि सांगून मरत नाहीत. आणि हो, या प्रकारच्या सर्व्हरला सहसा पासवर्ड नसतो. घरच्या वाय-फायवर असलेल्या कुणालाही फोल्डर दिसू शकतात. म्हणून त्यात फक्त गाणी ठेवा, पगाराच्या स्लिपा नकोत. पाहुण्यांना गेस्ट वाय-फायच द्या.

रेडिओ घेताना

नवा घ्या किंवा कुणाचा जुना, चार गोष्टी विचारा. यूपीएनपी किंवा डीएलएनए आहे का? फ्लॅक चालतं का? डब्ल्यूपीए-२ पकडतो का? आणि स्टेशनांची यादी पुरवणारी सेवा अजून चालू आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तरी लगेच नाक मुरडू नका. स्टेशनं गेलेला, पण घरची गाणी वाजवणारा रेडिओ पडेल भावात मिळत असेल तर तो सोडू नका.

अॅप बंद करा असं कुणीच म्हणत नाहीये. नवं गाणं शोधायला, ट्रेनमध्ये ऐकायला, ट्रेकला जाताना अॅप बेस्ट आहे. फक्त भाड्याचं कोणतं आणि मालकीचं कोणतं, एवढं डोक्यात पक्कं ठेवा. मालकीचं जे आहे त्याला डी-ड्राइव्हच्या अंधारातून बाहेर काढा आणि घरात सगळ्यांच्या हाताला लागेल अशा बटणावर आणून ठेवा.

सुरुवात मोठी करायलाच हवी असं नाही. या रविवारी एकच फोल्डर, तीसच गाणी. सोमवारी सकाळी डबा भरताना आईने स्वतः उठून बटण फिरवलं, की समजा जमलं!